बुडित उसाचा हंगाम: पॅनवरचं ज्ञान, गटातलं ज्ञान आणि मधली तुटलेली वाट

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याचं आहे. कारखान्याचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. माणसांचा उल्लेख हुद्द्याने केला आहे. काळ आहे 2019-20 च्या गळीत हंगामाचा आणि त्यानंतरच्या दोन हंगामांचा. त्या काळात काम केलेल्या लोकांशी सविस्तर बोलून मी हे लिहितो आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. काठच्या गावांतला ऊस कुठे चार-पाच दिवस, तर कुठे त्याहून जास्त काळ पाण्याखाली राहिला. ज्या उसाच्या पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) गाळ बसला त्याची वाढ थांबली, कांडीवरचे डोळे फुटले, पांगशा (बाजूचे कोंब) आल्या. अशा उसाच्या रसात साखर कमी आणि साखर नसलेला ऐवज जास्त असतो. रस चिकट होतो आणि हा चिकटपणा शेवटी बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे रसापासून साखर बनवतात त्या विभागात, सगळ्यांना छळतो.

साखर उद्योगाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रस स्वच्छ करून आटवला की सिरप तयार होतं. ते व्हॅक्यूम पॅनमध्ये जातं. आत निर्वात असल्यामुळे ते साधारण 65 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि साखर जळत नाही. सिरप योग्य तेवढं घट्ट झालं की त्यात साखरेच्या अतिबारीक कणांची स्लरी सोडतात. त्या कणांवर साखर चढत जाते आणि दाणा मोठा होतो. घट्टपणा कमी पडला तर टाकलेला दाणा विरघळतो. फार वाढला तर नको असलेले बारीक दाणे आपोआप जन्मतात, त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. या दोहोंमधली जागा अरुंद असते, आणि पॅन त्या जागेत धरून ठेवण्याचं काम पॅनमनचं.

पॅनमन प्रूफ स्टिकने नमुना काढतो, काचेवर पसरतो, दिव्यासमोर धरतो. अंगठा आणि बोट यांच्यात तार ओढून बघतो. पॅनच्या काचेवरून मॅसेक्यूट (दाणे आणि पाक यांचं घट्ट मिश्रण) कसं ओघळतं यावर त्याची नजर असते. मग व्हॉल्व्ह किती फिरवायचा ते ठरतं. कारखान्यात मीटर होते, पॅन बुक होतं, त्यात प्रत्येक स्ट्राईकची (पॅनच्या एका घाण्याची) वेळ, ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) आणि प्युरिटी (त्यातला साखरेचा वाटा) लिहिली जायची. व्हॉल्व्ह कधी फिरवला हे त्यातून कळतं. का फिरवला, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. साखर कारखाना वर्षातले पाच-सहा महिने चालतो. हंगामी कामगार बाकीचे महिने शेतीकडे असतात. म्हणजे दरवर्षी संपूर्ण संस्थेचा हात बसतो आणि मोडतो. बारा महिने चालणाऱ्या कारखान्यात चूक झाली तर तिची आठवण दुसऱ्या दिवशीही ताजी असते. इथे ती मधल्या पावसाळ्यात वाहून जाते. साखर उद्योगातल्या ज्ञान व्यवस्थापनाबद्दल बोलताना हंगामीपणाचा हा मुद्दा फार कमी वेळा विचारात घेतला जातो, असं मला वाटतं.

समस्या

त्या वर्षी राज्यात हंगाम उशिरा सुरू झाला. या कारखान्यात नोव्हेंबरच्या अखेरीस गव्हाणीत मोळी पडली. शेती विभागाने सभासदांच्या हितासाठी एक रास्त निर्णय घेतला होता: बुडालेला ऊस आधी तोडायचा, कारण तो दिवसेंदिवस खराब होत जातो. निर्णय योग्य होता, पण तो बॉयलिंग हाऊसला कोणी कळवला नाही.

पहिल्याच आठवड्यांत लक्षणं दिसू लागली. ए पॅनला (पहिल्या उकळीच्या पॅनला) नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला. फॉल्स ग्रेन वारंवार यायचे. ते विरघळवण्यासाठी पॅनमध्ये पाणी मारावं लागायचं आणि ते पाणी पुन्हा वाफेने आटवावं लागायचं. सर्वांत वाईट अवस्था सी मॅसेक्यूटची, म्हणजे शेवटच्या उकळीच्या मालाची झाली. सेंट्रिफ्युगल मशीनवर ते पर्जच होईना, दाणा आणि मळी (मोलॅसिस) वेगळी होईनात. मळीची प्युरिटी वाढली, म्हणजे साखर मळीतून बाहेर जाऊ लागली. क्रिस्टलायझर (मॅसेक्यूट थंड करायच्या टाक्या) भरले, सिरपच्या टाक्या भरल्या, बॉयलिंग हाऊस तुंबलं, आणि शेवटी मिलचं गाळप कमी करावं लागलं. बाहेर ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग वाढत गेली.

याचा पैशातला अर्थ सभासदाला लगेच कळतो. त्या हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) 10 टक्के उताऱ्याला (उसातून निघालेल्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 275 रुपये होती, आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 2 रुपये 75 पैसे. टनाच्या हिशोबात 0.1 टक्का म्हणजे 27 रुपये 50 पैसे. मळीतून गेलेली साखर म्हणजे शेतकऱ्याच्या बिलातून गेलेले पैसे.

चीफ केमिस्टनी तीन पाळ्यांच्या पॅनमनना बोलावलं. तिघांनी तीन कारणं सांगितली. एकाच्या मते व्हॅक्यूम कमी होता, दुसऱ्याच्या मते स्लरी खराब होती, तिसऱ्याने आधीच्या पाळीला दोष दिला. कोणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला स्वतःच्या आठ तासांपुरतं चित्र दिसत होतं, आणि पाळी बदलताना ‘पॅन चालू आहे, बघा’ यापलीकडे बोलणं होत नव्हतं.

अडचण नवी नव्हती, हे नंतर कळलं. 2005 मध्येही कृष्णेला मोठा पूर आला होता आणि 2005-06 च्या हंगामात याच कारखान्याने बुडित ऊस गाळला होता. तेव्हा पॅनवर असलेली अनुभवी माणसं मधल्या वर्षांत एकेक करून निवृत्त झाली. त्यांच्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ, फेटा सगळं झालं. त्यांना काय येतं, हे मात्र कोणी विचारून घेतलं नव्हतं.

कारखान्याकडे आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र होतं. त्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीतलं 7.1.6 हे कलम सांगतं की संस्थेने कामाला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवावं, जपावं आणि गरजेला उपलब्ध करून द्यावं. कारखान्याच्या फाइलमध्ये या कलमाखाली पॅनची कार्यपद्धती होती. ती नेहमीच्या उसासाठी लिहिलेली होती, आणि ऑडिटसाठी पुरेशी होती.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यकारी संचालकांच्या दालनात बैठक झाली. चार गोष्टी पुढे आल्या.

पहिला पर्याय पॅनच्या स्वयंचलित नियंत्रणाचा. चीफ इंजिनिअर त्याच्या बाजूने होते आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. अनेक कारखान्यांत ही यंत्रणा चांगली चालते. पण चालू हंगामात खरेदी आणि उभारणी शक्य नव्हती. शिवाय अशा यंत्रणेलाही कोणत्या मालाला कोणता मार्ग द्यायचा हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

दुसरा पर्याय बाहेरून तज्ज्ञ आणण्याचा. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, 1975 पासून सहकारी कारखान्यांना तांत्रिक मदत देते. तिथला सल्ला घ्यायचं ठरलं आणि तो उपयोगीही पडला. पण तिन्ही पाळ्यांत, रात्री दोन वाजता पॅनसमोर उभं राहायला माणूस कारखान्याचाच लागणार होता.

तिसरा, नवी कार्यपद्धती लिहून भिंतीवर लावायची. सगळ्यांत स्वस्त. चीफ केमिस्टनी यालाच सर्वांत कडाडून विरोध केला. जे आम्हालाच माहीत नाही ते लिहिणार काय, हा त्यांचा सवाल होता.

चौथा, निवृत्त पॅनमनना परत बोलवायचं. यावर बैठक सर्वांत जास्त वेळ अडली. कामगार संघटनेची वारसांना नोकरी देण्याची मागणी प्रलंबित होती. निवृत्तांना परत घेतलं तर वेगळाच अर्थ निघेल, अशी संचालकांना भीती होती. शेवटी मानधनावर, फक्त त्या हंगामापुरतं आणि ‘शिकवण्यासाठी’ असं नेमकं लिहून ठराव झाला. त्या शब्दाने पुढे बरंच काम केलं. माणसं पॅन चालवायला आली नव्हती, तर शिकवायला आली होती, त्यामुळे चालू पॅनमनची जागा कोणी घेत नव्हतं.

केलेली कृती

दोघे आले. थोरल्यांना सगळे तात्या म्हणत.

पहिल्या दिवशी तात्यांना लॅबच्या ऑफिसात बसवलं, चहा दिला, आणि एका तरुण केमिस्टला वही घेऊन समोर बसवलं. 2005 ला काय केलं होतं ते सांगा, असं विचारलं. तात्या थोडं बोलले आणि मग म्हणाले, “काय सांगू सायेब, पॅन बघितल्याबिगर? हितं खुर्चीवर दाणा दिसतोय व्हय?”

चीफ केमिस्टनी त्याच दिवशी वही बंद करायला लावली आणि तिघेही पॅनच्या प्लॅटफॉर्मवर गेले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय. जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी 1991 मध्ये मात्सुशिता कंपनीचं एक उदाहरण मांडलं होतं. ब्रेड करण्याच्या घरगुती यंत्रात कणीक नीट मळली जात नव्हती, तेव्हा कंपनीतल्या इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला राहिल्या. पीठ ताणताना तो त्याला जो पीळ देत होता, तो त्यांनी पाहिला आणि यंत्रात उतरवला. बेकरला तो पीळ शब्दांत सांगता आला नव्हता. तात्यांनाही खुर्चीत बसून सांगता येत नव्हतं, पण पॅनपाशी त्यांचा हात लगेच व्हॉल्व्हकडे जायचा.

केमिस्टला एकच काम दिलं: तात्यांचा हात हलला की विचारायचं, “आत्ता का?” उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं. त्याच क्षणी काचेवरच्या नमुन्याचा फोटो काढायचा. त्यासाठी मोबाइलला लावायची भिंगाची क्लिप आणली होती. फोटोखाली स्ट्राईक क्रमांक, वेळ आणि तात्यांचं वाक्य.

त्यातून जे निघालं ते तांत्रिकदृष्ट्या अगदी समजण्यासारखं होतं. चिकट मालात दाणा हळू वाढतो. चालू पॅनमन नेहमीइतकीच स्लरी घालत होते, म्हणून दाण्यांची संख्या जास्त आणि आकार बारीक व्हायचा. बारीक दाण्यांच्या थरातून चिकट मळी निथळत नाही, म्हणून मशीन तुंबायची. जुन्या पॅनमननी स्लरी कमी केली, दाणा मोठा ठेवला, फीड हळू दिला आणि मशीनवर सोडण्याआधी सी मॅसेक्यूट थोडं गरम करून घेतलं. यात थोडी साखर मळीत जास्त जाते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण बॉयलिंग हाऊस तुंबल्यावर होणारं नुकसान त्याहून मोठं. कोणता तोटा पत्करायचा, याचा हा हिशोब होता.

विरोध अपेक्षित ठिकाणाहून आला. एका पाळीचे पॅनमन, पंधरा-सोळा वर्षं अनुभव असलेले, फोटो काढू देईनात. त्यांचं म्हणणं केमिस्टने मला जसंच्या तसं सांगितलं: “माझ्या हातातलं सगळं तुझ्या मोबाइलात गेलं, की उद्या मला इचारणार कोण?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्या माणसाची पत, ओव्हरटाइम आणि हंगामी नोकरीची शाश्वती त्याच्या हातावर उभी आहे, त्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. ज्ञान वाटून घेण्याची संस्कृती वगैरे शब्द वापरणाऱ्यांनी आधी या माणसाला उत्तर द्यायला हवं.

चीफ केमिस्टनी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक फोटोखाली तो पॅन चालवणाऱ्याचं नाव छापायला सुरुवात केली. आणि त्या पॅनमनना सांगितलं की पुढच्या हंगामात नवीन मुलांना शिकवण्याचं काम तुमच्याकडे राहील, त्याचा वेगळा भत्ता मिळावा म्हणून मी संचालक मंडळाकडे मागणी करतो. काही दिवसांनी ते स्वतःच नमुना घेऊन केमिस्टला हाक मारू लागले.

पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे पॅनमन आणि केमिस्ट यांनी प्लॅटफॉर्मवर पंधरा मिनिटं एकत्र थांबायचं, असंही ठरलं. बोलायचं फक्त दोन गोष्टींवर: माल कसा वागतोय, आणि तुम्ही काय बदललंत.

मग एक अनपेक्षित वळण आलं, आणि मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यामुळेच. तात्यांनी एका संध्याकाळी विचारलं, “उद्या कुठला ऊस हाय?” बॉयलिंग हाऊसमध्ये कुणालाच सांगता येईना. 2005 ला त्यांचा एक नातेवाईक गट ऑफिसला (शेती विभागाच्या काही गावांसाठीच्या कचेरीत) चिटबॉय, म्हणजे गावातल्या उसाच्या नोंदी आणि तोडीच्या चिठ्ठ्या बघणारा कर्मचारी होता. तो सायकलवरून घरी जाताना तात्यांना सांगायचा की उद्या अमुक गावाचा बुडित ऊस येतोय. कारखान्याच्या कोणत्याही कागदावर नसलेली ही व्यवस्था दोन माणसांच्या नात्यावर चालली होती, आणि दोघे निवृत्त झाल्यावर बंद पडली.

चिटबॉयला आपल्या गावातला कोणता प्लॉट किती दिवस पाण्याखाली होता हे तोंडपाठ असतं. पॅनमनला तीच माहिती हवी असते. दोघे एकाच कारखान्याचे पगारदार, पण एक शेती विभागाचा आणि एक उत्पादन विभागाचा. चीफ केमिस्ट आणि शेती अधिकारी यांनी मिळून एक साधा रिवाज सुरू केला. गट ऑफिसांनी रोज संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर कळवायचं: उद्याच्या तोडीत बुडित ऊस साधारण किती, कोणत्या गावाचा, पोंग्यात गाळ गेलेला की नुसता बुडालेला. तो निरोप रात्रपाळीच्या पॅनमनपर्यंत जायचा. माल पॅनवर येण्याआधी स्लरी किती घ्यायची ते ठरू लागलं.

परिणाम

काही आठवड्यांत सी मॅसेक्यूट पर्ज होऊ लागलं, मळीची प्युरिटी खाली आली आणि गाळप पूर्ववत झालं. इथे सावध राहायला हवं. जानेवारी उजाडेपर्यंत बुडित ऊस तसाही संपत आला होता, त्यामुळे सगळं श्रेय या प्रयोगाला देता येत नाही.

तरी एक पुरावा भक्कम वाटतो. सुरुवातीला तात्या फक्त एकाच पाळीत यायचे. सिरप तिन्ही पाळ्यांना एकच. कोणता स्ट्राईक कोणत्या क्रिस्टलायझरमध्ये गेला याची नोंद होती, आणि मशीनवर आधी सुधारला तो तात्यांच्या पाळीचा माल. बाकीच्या पाळ्या नंतर, त्यांनी पद्धत उचलल्यावर सुधारल्या.

खरी परीक्षा 2021 ला झाली. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी हंगामाआधीच शेती आणि उत्पादन विभागाची एकत्र बैठक झाली, बुडित प्लॉटची यादी टेबलावर होती. पोंग्यात गाळ गेलेला ऊस सर्वांत आधी, आणि नुसता बुडालेला ऊस चांगल्या उसात मिसळून प्रत्येक पाळीत सारखा, असा तोडणी कार्यक्रम बसवला. यात काही सभासदांना थांबावं लागलं आणि त्यांची नाराजी शेती अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन झेलली. बॉयलिंग हाऊस 2019 सारखं तुंबलं नाही.

त्या हंगामात महाराष्ट्रात साखरेचं विक्रमी उत्पादन झालं, 137 लाख टन. ऊस संपता संपेना आणि गाळप भर उन्हाळ्यात गेलं. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यात जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान तयार होतं आणि दाणा लांबट वाढतो. एका तरुण पॅनमनला काचेवर असा दाणा दिसला. फोटोंच्या संग्रहात 2019 च्या एका नमुन्याखाली तात्यांचं वाक्य होतं: ‘दाणा लांबला, ऊस शिळा.’ त्याने केन यार्डला (उसाच्या गाड्या थांबतात त्या आवाराला) फोन केला. चौकशीत निघालं की वशिल्याच्या गाड्या मध्ये घुसत होत्या आणि काही ट्रॉल्या उन्हात फार वेळ अडकत होत्या. यार्डने नंबराची शिस्त कडक केली. बुडित उसासाठी जमवलेलं ज्ञान शिळ्या उसासाठी कामी आलं. पॅनमनने यार्डला फोन करून काही सांगावं, असं त्या कारखान्यात याआधी कोणी ऐकलं नव्हतं.

जे साधलं नाही तेही लिहायला हवं. सुरुवातीची बरीच ध्वनिमुद्रणं हरवली. ती केमिस्टच्या स्वतःच्या मोबाइलवर होती, तो दुसऱ्या कारखान्यात गेला. फोटो छापून लावले होते म्हणून टिकले. शिकवण्याच्या भत्त्याची मागणी संचालक मंडळापुढे गेली, पण मंजूर व्हायला इतका वेळ लागला की त्या नाराज पॅनमनना ते फसवल्यासारखं वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

भत्त्याचा ठराव निवृत्तांच्या मानधनाच्या ठरावाबरोबर, एकाच बैठकीत व्हायला हवा होता. बाहेरून येणाऱ्याला पैसे आणि आतल्याला आश्वासन, हा क्रम उलटा होता.

पुराचं पाणी ऑगस्टमध्ये ओसरलं आणि गाळप नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू झालं. मधले तीन महिने हाताशी होते. 2005 चे लोक तेव्हा बोलावले असते, तर पहिल्या आठवड्यांतलं नुकसान बऱ्याच अंशी टळलं असतं. त्या तीन महिन्यांत मिल, बॉयलर, टर्बाइन यांची ओव्हरहॉलिंग वेळापत्रकानुसार झाली. माणसांच्या अनुभवाची दुरुस्ती-देखभाल कुठल्याच वेळापत्रकात नव्हती.

सेंट्रिफ्युगल मशीनवरची माणसं या सगळ्यात बाजूला राहिली. दाणा बिघडल्याचं त्यांना सर्वांत आधी हाताला लागत होतं. पाळीच्या पंधरा मिनिटांत त्यांना उभं केलं असतं तर खबर काही तास आधी मिळाली असती.

गट ऑफिसांचे संध्याकाळचे निरोप चांगले चालले, पण ते अजून दोन अधिकाऱ्यांच्या आपसातल्या संबंधांवर अवलंबून आहेत. शेती अधिकारी बदलले तर ते चालू राहतील का, याचं उत्तर मला कारखान्यात कोणाकडून मिळालं नाही. हा रिवाज हंगामपूर्व परिपत्रकात घालावा, आणि चिटबॉयच्या नोंदवहीत ‘किती दिवस पाण्याखाली’ असा रकाना छापावा, अशी सूचना चीफ केमिस्टनी लेखी दिली आहे. निरोप मात्र अजून व्हॉट्सअॅपवरच येतात.